अंजनगावचे स्टेशन आणि करारनाम्याबाहेरची माणसे

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात एकाच ओळीपुरते येते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली यांच्यात येथे तह झाला. त्याआधी महिनाभरात अडगावची लढाई झाली होती, गाविलगड पडला होता आणि देवगावच्या तहाने भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेले होते. शिक्षक म्हणून हा तह मी वर्षानुवर्षे शिकवला. परीक्षेत तो दोन गुणांना येई. एकदा वर्गात मी विचारले, "तहाच्या दिवशी छावणीत पाणी कोणी भरले असेल? घोड्यांना वैरण कोणी घातली असेल? मेलेले बैल कोणी ओढून नेले असतील?" मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, "सर, थे पुस्तकात नाही."

त्या पोराचे उत्तर बरोबर होते. या लेखाला मी तेथूनच सुरुवात करतो. अंजनगावच्या वाट्याला १८०३ नंतर शंभरेक वर्षांनी आणखी एक करारनामा आला. तो रेल्वेचा होता. त्या कराराने गावाबाहेर एक लहानसे स्टेशन उभे राहिले, मुर्तिजापूर ते अचलपूर अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि लोकांनी पुढे तिला 'शकुंतला' म्हटले. या गाडीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले. काहींनी 'गरिबांची लाडकी गाडी' म्हणून हळवे लेख लिहिले. काहींनी 'स्वतंत्र भारतातील इंग्रजांची रेल्वे' म्हणून आश्चर्य व्यक्त केले. या दोन्ही प्रकारच्या लेखनात रुळाखाली गिट्टी भरणारा माणूस कोठे दिसत नाही. माझा आजा या रुळाच्या मातीकामावर होता आणि माझे वडील या मार्गावर गँगमन होते. त्यामुळे या स्टेशनाचा इतिहास तिसऱ्या बाजूने सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

१

ही गाडी माणसांसाठी आलेली नव्हती, ती कापसासाठी आली होती. हे प्रथम नीट ध्यानात घेतले पाहिजे.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी घेतला. त्यांची नजर येथल्या काळ्या जमिनीवर आधीपासूनच होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला एकाएकी सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला म्हणजे जी. आय. पी. रेल्वेची मोठी लाइन अकोला, मुर्तिजापूर, बडनेरा अशी वऱ्हाड चिरत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी वेगळा फाटा काढण्यात आला. आणि एवढे होऊनही दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर हा उत्तरेकडचा पट्टा रेल्वेपासून दूरच राहिला. येथला कापूस बैलगाडीने मोठ्या लाइनीवर जाई. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचे चाक आखापर्यंत रुतते, हे वऱ्हाडच्या माणसाला सांगायला नको.

हा माल लवकर आणि स्वस्तात मुंबई बंदरावर पोचावा, यासाठी किलिक, निक्सन आणि कंपनी या इंग्रज व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मुर्तिजापूरहून उत्तरेस अचलपूरपर्यंत सुमारे ७६ किलोमीटर आणि दक्षिणेस कारंजा, दारव्हा या मार्गाने यवतमाळपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर, असे हे दोन फाटे. रुळांतील अंतर अडीच फूट ठेवले, कारण अरुंद रुळाला जमीन कमी लागते, माती कमी लागते आणि भांडवलही कमी लागते. कंपनीने लाइन बांधावी, जी. आय. पी. ने गाड्या चालवाव्यात आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला मिळावा, असा तो व्यवहार होता.

मुर्तिजापूरहून निघालेली गाडी लाखपुरी, बनोसा, लेहेगाव, कापूसतळणी या स्टेशनांवरून अंजनगावला येई आणि पुढे पथ्रोट करून अचलपूरला पोचे. बनोसा म्हणजे दर्यापूरचे स्टेशन. कापूसतळणी या गावाच्या तर नावातच कापूस आहे. अंजनगावचा शेतमाल मात्र एकट्या कापसाचा नव्हता. शहानूर नदीच्या आसऱ्याने बारी समाजाने येथे पानमळे लावले होते. विड्याची पाने आणि पानपिंपळी यांसाठी हे गाव ओळखले जाते. पण पानाच्या करंड्यांसाठी कोणी रेल्वे बांधीत नाही. रेल्वे बांधली गेली ती गठाणीसाठी.

२

गठाण हा शब्द तरुण वाचकांना कदाचित नीट उमगणार नाही. शेतातून वेचलेला कापूस जिनात जातो. तेथे रुई आणि सरकी वेगळी होते. रुई प्रेसमध्ये दाबून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिची गठाण बांधतात. जुन्या मापाप्रमाणे एका गठाणीत ३९२ पौंड, म्हणजे सुमारे १७८ किलो रुई असे. अशी गठाण अंजनगावच्या मालधक्क्यावर लहान डब्यात चढे. मुर्तिजापूरला लहान लाइन संपून मोठी लाइन सुरू होत असल्याने तीच गठाण तेथे लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावी लागे. दोन रुळांच्या मापात जेवढा फरक, तेवढा हमालाच्या पाठीवर बोजा. अरुंद लाइन बांधून कंपनीने भांडवल वाचवले, याचा एक अर्थ असा की वाचलेल्या पैशाची भरपाई माणसांच्या मणक्यांनी केली.

या साखळीत आमची माणसे कोठे होती? पऱ्हाटीत वेचणी करणाऱ्या बाया आमच्या होत्या. जिनात रुईच्या धुळीत खोकणारी माणसे आमची होती. मालधक्क्यावर आमचे लोक होते आणि लाइनीवर आमचे लोक होते. शेत मात्र आमचे नव्हते. जिन, प्रेस, अडत आमची नव्हती. बाजारात भाव ठरवताना ज्या रुमालाखाली बोटे दाबली जात, त्या रुमालाखाली आमचा हात कधी गेला नाही.

आजी सांगे, "कापूस पांढरा, पण वेचता वेचता बोटं लाल होत. बोंडाची नखी लय टोचे." तिने वेचलेला कापूस मँचेस्टरला जातो, हे तिला ठाऊक नव्हते. पुढे या लाइनीवर जे वाफेचे इंजिन आले ते १९२१ साली मँचेस्टरमध्येच तयार झालेले होते. १९२३ पासून सत्तर वर्षे त्याने ही गाडी ओढली. आमचा कापूस तिकडे जाई आणि तिकडचे इंजिन इकडे येई. या देवघेवीत आजीच्या हाती वेचणीच्या मजुरीपलीकडे काही आले नाही.

३

माझा आजा लाइनीच्या मातीकामावर कसा गेला, याची आमच्या घरात सांगितली जाणारी हकीकत अशी. गावात त्याच्याकडे वतनाचे काम होते. सांगावा नेणे, मेलेले ढोर ओढणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे. त्याच्या मोबदल्यात खळ्यावरचे मूठपसा आणि सणाला शिळे अन्न. लाइनीचा मुकादम माणसे गोळा करीत आला तेव्हा आजा गेला. आठवड्याच्या शेवटी त्याच्या तळहातावर पहिल्यांदा नाणी पडली. ती नाणी त्याने आजीला दिली आणि तो म्हणाला, "हे मागून आणलं नाही."

या एका वाक्यासाठी मी रेल्वेचे ऋण मानतो. बलुत्यात माणूस राबतो आणि वर हात पसरतो. मजुरीत माणूस राबतो आणि हिशेब मागू शकतो. शोषण दोन्हीकडे आहे, परंतु दुसऱ्या ठिकाणी हिशेबाची भाषा आहे. ज्याला शेकडो वर्षे हिशेब मागता आला नाही, त्याच्यासाठी हा फरक लहान नव्हता.

मार्क्सने १८५३ मध्येच असे भाकीत केले होते की रेल्वेतून जे आधुनिक उद्योग उभे राहतील ते जातीवर आधारलेली वंशपरंपरागत कामाची वाटणी मोडून टाकतील. आजाने वतनाचे काम सोडून नाण्यावर काम धरले, तेवढ्यापुरते हे भाकीत खरे ठरले असे म्हणता येईल. पण पुढे काय झाले?

पुढे माझे वडील त्याच लाइनीवर गँगमन झाले. गँगमनचे काम काय असते ते येथे सांगतो, कारण प्रवाशाला ते डब्यातून दिसत नाही. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेला रूळ कधीही एका पातळीवर राहत नाही. पावसाळ्यात तो खचतो, वैशाखात तो वाकतो. पहाटे चावीवाला हातोडा घेऊन आपल्या हद्दीतला रूळ चालून येई आणि ढिल्या झालेल्या चाव्या ठोकून घट्ट करी. त्याच्या मागून टोळी सब्बल, फावडे, घमेली घेऊन निघे. रूळ उचलायचा, खाली गिट्टी भरायची, ठोकायची, पुन्हा पातळी पाहायची. पुराच्या रात्री कंदील घेऊन पुलावर उभे राहायचे. गाडी वेळेवर आली तर शाबासकी ड्रायव्हरला, रूळ सुटला तर जबाब गँगमनला.

त्यातच दर्यापूर-मुर्तिजापूरकडचा हा भाग खारपाणपट्ट्याचा. जमिनीखालचे पाणी खारट. गोड पाण्याची विहीर गावात एखादी असायची आणि ती कोणाच्या ताब्यात असे हे सांगण्याची गरज नाही. वडील सकाळी घरून मडके भरून नेत. दुपारी ते तापलेले पाणी टोळीत वाटून घेत. संपले की गाडीच्या इंजिनवाल्याकडे मागत. वडील म्हणत, "इंजिनले पाणी पाजाची सोय सरकारनं केली होती बाबू, आमची नव्हती केली."

४

आता स्टेशनाकडे येऊ. स्टेशन म्हणजे काय? तिकिटाची खिडकी, घंटा, बसायला बाकडे, मालधक्का आणि पाणी. या पाचही सोयी कायद्याने सर्वांसाठी होत्या. तिकीट विकत घेणाऱ्याची जात रेल्वे विचारीत नसे. एकाच लाकडी बाकावर पाटील आणि महार शेजारी बसत, कारण अडीच फुटी लाइनीच्या डब्यात दुसरीकडे सरकायला जागाच नसे. गावच्या चावडीपुढून चप्पल हातात घेऊन जाणारा माणूस डब्यात चप्पल घालून बसे. हे खरे आहे आणि ते नोंदवले पाहिजे.

परंतु स्टेशनाच्या फाटकाबाहेर पाय पडला की गाव पुन्हा सुरू होई. कधी कधी तर फाटकाच्या आतच सुरू होई. त्या काळी मोठ्या स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगवेगळी सोय असे. या दोन मडक्यांत आमचे मडके कोणते होते? नोकरीच्या काळात वडिलांना एका स्टेशनावर पाणी मागितल्याबद्दल ओंजळ धरून उभे करण्यात आले आणि वरून धार सोडण्यात आली. अंगावर रेल्वेचा बिल्ला असताना! त्या स्टेशनाचे नाव मी येथे देत नाही. तसे स्टेशन एकच होते असा कोणाचा समज होऊ नये, एवढेच त्यामागचे कारण.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातला अस्पृश्यतेचा पहिला मोठा चटका एका रेल्वे स्टेशनावरच बसला आहे, हे वाचकांना आठवत असेल. १९०१ साली भावंडांसह ते वडिलांना भेटायला निघाले आणि मसूरच्या स्टेशनावर उतरले. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून आस्थेने चौकशी करणारा स्टेशनमास्तर, ती महारांची आहेत हे कळताच मागे सरला. गाडीवाले दुप्पट भाडे मिळत असतानाही गाडीत बसवायला तयार होईनात. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवाल्याने सोबत चालायचे, असे ठरले. त्या रात्रीच्या प्रवासात मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही. आगगाडीने त्या मुलांना मसूरपर्यंत आणून सोडले. तिथून पुढचा रस्ता जातीच्या ताब्यात होता.

तोच मुलगा पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेवरील दलितवर्गीय कामगारांच्या परिषदेचा अध्यक्ष झाला. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी त्यांनी तेथे केली आणि ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नसून स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती होय, हेही स्पष्ट केले. आपल्या चळवळीत या भाषणाचा हा भाग नेहमी सांगितला जातो. पण रेल्वेविषयी त्यांनी तेथे जे सांगितले ते तितकेच मोलाचे आहे. अस्पृश्य कामगार रेल्वेत वर्षानुवर्षे गँगमनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घेता येत नाही. कारखान्यांतही वरच्या कारागिरीच्या जागा त्याला मिळत नाहीत. असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

मार्क्सच्या भाकितावर याहून नेमके भाष्य मला माहीत नाही. रेल्वे आली, पण जातीने तिच्याबरोबर तडजोड करून घेतली. वतनदार महाराचा गँगमन झाला, एवढीच वाटणी बदलली. मढे ओढणारा रूळ ओढू लागला. आमच्या लाइनीवरच्या गाड्याही जी. आय. पी. च चालवीत होती. तेव्हा मनमाडला बाबासाहेब जे बोलले ते माझ्या वडिलांविषयीच बोलले, असे मी मानतो. वडिलांना ते भाषण वाचता येत नव्हते. मी मोठा झाल्यावर त्यांना ते वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाबासाहेबाले आमच्या सब्बलीचंही ठाऊक होतं."

५

असे असले तरी हा इतिहास केवळ गाऱ्हाण्याचा नाही. कंपनीने कापसासाठी टाकलेला रूळ आमच्या माणसांनी आपल्या कामासाठी वापरला, हे या स्टेशनाच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे, आणि ते कोणत्याही रेल्वेच्या कागदात सापडणार नाही.

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पुढे होता. परिषद चालू असतानाच त्यांचे वडीलबंधू बाळाराम यांच्या निधनाची तार आली. माझा आजा त्या परिषदेला गेला होता, असे घरात सांगतात. अंजनगावहून मुर्तिजापूर, तेथून बडनेरा, तेथून अमरावती. परतल्यावर तो वस्तीत रोज संध्याकाळी तीच हकीकत सांगे आणि ऐकायला शेजारच्या गावांतून माणसे येत. एका तिकिटावर एक माणूस गेला, पण परिषद साऱ्या वस्तीत आली.

१९५६ च्या ऑक्टोबरात मी नऊ वर्षांचा होतो. १४ तारखेला नागपूरला धम्मदीक्षा आहे, ही बातमी लाइनीवरूनच आमच्याकडे आली. गार्डाने गँगला सांगितली आणि गँगने वस्त्यांना सांगितली. वडिलांना रेल्वेचा पास होता. इतरांजवळ पास नव्हता आणि पुष्कळांजवळ पैसेही नव्हते. शेजारच्या एका बाईने चांदीचे कडे मोडले. माझ्या मायने पांढरे लुगडे कोठून तरी पैदा केले. अंजनगावच्या फलाटावर एवढी माणसे मी कधी पाहिली नव्हती. लहानग्या डब्यांत माणसे अशी कोंबली होती की उतरायला वाट नव्हती, पण उतरायचे कोणाला होते? मुर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर बदलताना वडिलांनी माझा हात घट्ट धरला. ज्या फलाटावर इतकी वर्षे गठाणी बदलल्या जात होत्या, त्या फलाटावर त्या रात्री माणसे बदलत होती. परत आलो तेव्हा आमच्या मडक्यातले पाणी तेच होते, आणि आम्ही मात्र वेगळे होतो.

दोन महिनेही उलटले नाहीत तोच ६ डिसेंबरची बातमी आली. आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडगेबाबा गेले. या लेखात बाबांचा उल्लेख अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. बालपण गेले ते मुर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे. म्हणजे या लाइनीची दोन टोके ज्या मुलखाला जोडतात तो त्यांचा मुलूख. परीट कुळात जन्मलेल्या या माणसाने हाती खराटा घेतला आणि गावे झाडली. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना डोके टेकायला जागा नव्हती, म्हणून चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि ती पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. फाटक्या वेशाच्या या माणसाला विनातिकीट म्हणून डब्यातून उतरवल्याच्या गोष्टी वऱ्हाडात घरोघर सांगतात. तिकीट नसलेल्या माणसांचाच हा संत होता.

१९६५ मध्ये मी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकायला निघालो. १९५० मध्ये सुरू झालेल्या त्या महाविद्यालयाने खेड्यापाड्यांतून आलेल्या आमच्या पिढीला माणसात आणले. त्या प्रवासात मी तीन मापांचे रूळ ओलांडले. अंजनगाव ते मुर्तिजापूर अडीच फुटी. मुर्तिजापूर ते मनमाड साडेपाच फुटी. मनमाड ते औरंगाबाद तेव्हा मीटर गेज. दोन ठिकाणी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन गाडी बदलली. मनमाडच्या फलाटावर रात्र काढली, तेव्हा १९३८ ची परिषद या गावी झाली होती हे मला ठाऊक नव्हते. ते मिलिंदमध्ये गेल्यावर कळले. वडील मला अंजनगावपर्यंत पोचवायला आले होते. गाडी सुटताना ते फलाटावर उभे राहिले नाहीत. डब्याबरोबर रुळाच्या कडेने थोडे चालले आणि सवयीने रुळाच्या चाव्याच पाहत राहिले.

६

स्वातंत्र्यानंतर या स्टेशनाचे काय झाले? १९५१ मध्ये जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे आली. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण या लाइनीचा जुना करार मोडला गेला नाही. गाड्या सरकार चालवी आणि मालकी कंपनीची राही. यावर आजही वर्तमानपत्रांत संताप दिसतो की स्वतंत्र देशात गोऱ्यांची रेल्वे कशी? हा संताप अपुऱ्या माहितीवरचा आहे. किलिक-निक्सन ही पेढीही स्वातंत्र्यानंतर भारतीय भांडवलदारांच्या हाती आली. मालक गोरा होता तो काळा झाला. लाइनीवरच्या माणसाला या बदलाचा काय उपयोग झाला, हा प्रश्न संताप करणारे विचारीत नाहीत. लाइन आपली नाही म्हणून सरकार तिच्यावर खर्च करीना, आणि कंपनीला तर तीत काही घालण्याची इच्छाच नव्हती. दोघांच्या मध्ये रूळ झिजत गेला.

१९७४ मध्ये रेल्वेतला तिसरा वर्ग रद्द झाला. तिसऱ्या वर्गाची पाटी पुसून दुसरा वर्ग लिहिले गेले, माणसे आणि बाकडी तीच राहिली. १५ एप्रिल १९९४ रोजी मँचेस्टरचे ते जुने इंजिन काढून डिझेलचे इंजिन लावले. दरम्यान लहान स्टेशनांवरची नोकरमाणसे कमी होत गेली. खिडक्या बंद पडल्या. गार्डच तिकिटे फाडू लागला. फाटक आले की गाडी थांबे, गाडीवरचाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पुढे जाई, पुन्हा थांबे आणि तो फाटक उघडून धावत येऊन चढे. पाहुणे याला गंमत म्हणत आणि फोटो काढीत. मला त्यात गंमत वाटली नाही. जेथे दहा माणसांना पोट होते तेथे दोघांवर काम आले, एवढाच त्याचा अर्थ होता.

पुढे गाडीचा वेग इतका कमी झाला की घाईचा माणूस तिच्यात बसेना. बिनघाईचा माणूस म्हणजे कोण? भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघालेली बाई, मोळीवाला, वेचणीला परगावी चाललेली टोळी, शाळेत जाणारे पोरगे. एस. टी. चे भाडे ज्यांना जड जाई ते सारे या गाडीत असत. अखेर दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. रुळावर बाभळी उगवल्या. शकुंतला वाचवा म्हणून आंदोलने झाली, रुंद रुळाची मागणी पुढे आली. या मागणीला माझा पाठिंबा आहे. मात्र त्यात मी एक भर घालू इच्छितो.

रुंद रूळ आला तर पुन्हा जमीन मोजली जाईल, पुन्हा ठेकेदार येईल, पुन्हा मुकादम माणसे गोळा करील. आता गँगमनला 'ट्रॅकमन' म्हणतात, पण अनेक कामे ठेक्याने दिली जातात आणि ठेक्यात राखीव जागा नसते, पास नसतो, पेन्शन नसते. आजाला जे पहिल्यांदा मिळाले आणि वडिलांनी जे टिकवले, ते नातवाच्या पिढीत हिरावले जाऊ नये, हीही त्या मागणीचीच बाजू असली पाहिजे. नाहीतर अंजनगावात तिसरा करारनामा होईल आणि त्यातही आपण नसू.

आणि दुसरे काम आपल्याच हातचे आहे. या लाइनीवर राबलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. कंपनीचे कागद कोठे ना कोठे सापडतील, इंजिनाचा नंबर आणि साल सापडेल. माझ्या आजाचे नाव कोणत्या हजेरीपटावर होते की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. अंजनगाव, दर्यापूर, मुर्तिजापूर, कारंजा येथल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी सुटीचे चार दिवस काढावेत. म्हाताऱ्या गँगमनकडे, हमालाकडे, जिनातल्या बायांकडे बसावे. नाव, गाव, काम, मजुरी, पाणी कोठे मिळे, नागपूरला कोण कोण गेले, एवढे लिहून घ्यावे. पाणी कोठे मिळे हा प्रश्न विसरू नये.

त्या दिवशी वर्गात जो पोरगा "थे पुस्तकात नाही" म्हणाला होता, तो आता स्वतः शिक्षक आहे. मागच्या वर्षी आम्ही दोघे अंजनगावच्या स्टेशनावर गेलो होतो. रूळ गवतात बुडाला होता. वाकून मी एक चावी हाताने दाबून पाहिली. गंजली होती, पण ढिली नव्हती. शेवटची कोणी ठोकली असेल, असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, लिहून काढू. मंग पुस्तकात असीन."